काकीच्या रीलमधली माझी मुलगी

पत्र

ताई, नमस्कार. मालवण तालुक्यातल्या एका गावात आमचं घर आहे. घरात आम्ही नवरा-बायको, सासूबाई आणि नववीतली मुलगी. मोठे दीर आणि जाऊबाई डोंबिवलीला असतात. गणपतीला सगळे गावी येतात, घर भरतं, मला ते आवडतंही. जाऊबाईंना फोटो-व्हिडिओची फार हौस. आल्या दिवसापासून सगळं स्टेटसवर, फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर. गेल्या गणपतीत माझी मुलगी विहिरीवरून कळशी घेऊन येताना खळ्यातल्या शेवाळावर घसरून पडली. जाऊबाईंनी त्याला हसण्याचे आवाज लावून रील केलं. हजारो लोकांनी ते पाहिलं. शाळेतली मुलं तिला अजून 'कळशी' म्हणून हाक मारतात. सासूबाईंचा चुलीपुढचा फोटो, पदर घसरलेला, केस विस्कटलेले, तो 'गावचं निवांत आयुष्य' म्हणून टाकला. माजघरातल्या ओल आलेल्या भिंतीचा फोटो 'जुनं ते सोनं' म्हणून. त्याखाली चुलत दिरांनी लिहिलं, 'घराकडे कोणी बघत नाही वाटतं.' आणि बाकीच्यांची जाऊबाईंना शाबासकी, की किती छान जपलंय तुम्ही गावचं घर! वर्षभर हे घर मी बघते आणि एकाही फोटोत मी नाही. यंदा मुलगी म्हणते, काकी आली की मी खोलीतून बाहेर येणार नाही. नवरा म्हणतात, पाच दिवसांसाठी येतात, फोटोंवरून नाती बिघडवू नकोस. मी जाऊबाईंशी बोलू का? की माझ्याच मनात असूया आहे?

— एक सून, जिल्हा सिंधुदुर्ग

उत्तर

वहिनी,

बोला. आणि गणपती येण्याआधी बोला, फोनवर, दोघींनीच. भातलावणी आटोपली असेल, थोडी सवड असेल, तर हाच वेळ बरा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी घर माणसांनी भरलं की कोणत्याही बोलण्याचं भांडण होतं. स्वयंपाकघरात उच्चारलेला शब्द पडवीवर पोचेपर्यंत त्याला चार माणसांची भर पडलेली असते. मग मूळ गोष्ट राहते बाजूला आणि कोण कोणाला काय म्हणालं यावरच पाच दिवस जातात.

तुमच्या पत्रात तीन दुखणी एकत्र आली आहेत: मुलीचं, सासूबाईंचं आणि तुमचं स्वतःचं. तिन्ही खरी आहेत, पण ती एकाच फोनमध्ये घालू नका. तिघींना लागणारं औषध वेगळं आहे. मुलीचं आधी करू, कारण त्यात वाट बघण्यासारखं काहीच नाही.

तुमची मुलगी पडली, भिजली, कदाचित तिला लागलंही असेल. त्या क्षणी समोर फोन धरून कोणीतरी उभं होतं. जाऊबाईंच्या मनात वाईट काही नसणार, हे मी मानते. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीसाठी पडणं ही एक मिनिटाची गोष्ट होती आणि रीलने ती वर्षभराची केली. घरात सगळे हसले असते, आजीने जवळ घेतलं असतं, दुसऱ्या दिवशी तीही हसली असती. आता रोज शाळेच्या पायरीवर तिला ते पुन्हा भोगावं लागतं. ती 'खोलीतून बाहेर येणार नाही' म्हणते त्याला हट्ट म्हणू नका. तिला स्वतःला वाचवायचा तेवढा एकच मार्ग दिसतो आहे. तुमचं काम तिला दुसरा मार्ग दाखवणं.

ते रील अजून तिथे आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा असेल, म्हणून तसं धरूनच सांगते. आधी मुलीजवळ बसा आणि तिला विचारा की तिला नेमकं काय हवं आहे. फक्त ते काढलं जावं? काकीने तिच्याशी बोलावं? की कोणी काही न बोलता ते नाहीसं व्हावं? बऱ्याचदा आपण मोठी माणसं मुलांच्या वतीने भांडायला निघतो आणि मुलांना तो दुसरा तमाशा वाटतो. तिने सांगितलं तेवढंच आणि तिने सांगितलं तसंच करा.

काढून टाकण्याआधी त्या रीलचे आणि त्याखालच्या वाईट प्रतिक्रियांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, लिंकही जपून ठेवा. उद्या शाळेत किंवा आणखी कुठे दाखवायची वेळ आली तर हाताशी असावं. मग जाऊबाईंना ते खात्यावरून काढायला सांगा. इन्स्टाग्रामवर काढलेली गोष्ट ३० दिवसांपर्यंत 'रिसेंटली डिलीटेड' या कप्प्यात राहते आणि तिथून परत आणता येते, म्हणून तिथूनही काढायला सांगा. फेसबुकवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये तेच टाकलं असेल तर तिथूनही. कोणी उतरवून घेतलेली प्रत मात्र त्यांच्या हातात नाही. सार्वजनिक खात्यावरचं रील खातेधारकाने बंदी घातली नसेल तर इतरांना उतरवून घेता येतं, तशी सोय अ‍ॅपमध्येच आहे. तेव्हा 'काढलं म्हणजे संपलं' असं मुलीला खोटं सांगू नका. मूळ जागेवरून गेलं की नव्याने पसरणं बरंच थांबतं, एवढं सांगा. ते खरं आहे आणि तिला ते पुरेल.

वर्गशिक्षकांना एकदा भेटा. वर्गात सगळ्यांसमोर मुलांना रागावू नका म्हणावं, त्याने नाव अधिकच चिकटतं. दोन-तीन मुलं पुढे असतात, त्यांना बाजूला घेऊन बोलायला सांगा. चिडवणं थांबलंच नाही किंवा मुलगी फार खचली, तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. आणि कोणी तिच्या चित्राशी खेळ करून काही घाणेरडं बनवलं तर क्षणभर थांबू नका. सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३० हा नंबर आणि राष्ट्रीय तक्रार पोर्टल त्यासाठी आहे. तुमच्या बाबतीत गोष्ट तिथवर जाईल असं मला वाटत नाही. पण आता साध्या फोटोवरून खोटी चित्रं बनवणं फार सोपं झालं आहे, आणि घरोघरच्या आयांना हे ठाऊक असायला हवं. शाळेच्या गणवेशातला, छातीवर शाळेचं नाव दिसणारा फोटो सगळ्या जगासाठी टाकू नये ते यासाठीच.

तुमचे यजमान 'फोटोंवरून नाती' म्हणतात तेव्हा त्यांना ही गोष्ट बारीक वाटते. ती बारीक नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात मुलांच्या खासगीपणाचा हक्क आहे आणि त्यांच्याशी निगडित बाबींत त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचाही हक्क आहे. भारताने तो करार १९९२मध्ये स्वीकारला. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७मध्ये दिला. आपल्याकडचा २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती मागतो. अर्थात तो कंपन्या आणि संस्थांसाठी आहे, घरगुती कारणासाठी फोटो काढणाऱ्या काकीसाठी नाही. फ्रान्सने मात्र २०२४मध्ये कायदा करून आईवडिलांवरच जबाबदारी टाकली, की मुलांची छबी दोघांनी मिळून जपायची आणि मुलाचं वय व समज पाहून त्यालाही त्यात सामील करून घ्यायचं. यातलं एक अक्षर जाऊबाईंना ऐकवू नका. घरात कायदा काढला की घर कोर्ट होतं. हे तुमच्यासाठी सांगितलं, म्हणजे फोन लावताना आवाज कापणार नाही.

आता सासूबाईंचं. इथे मी तुम्हाला थोडं थांबवते. त्या फोटोबद्दल तुम्हाला वाईट वाटलं हे पत्रात आहे. सासूबाईंना काय वाटलं ते नाही. तुम्ही त्यांना विचारलंत का? कदाचित त्या म्हणतील, 'माका आधी सांगला असता तर लुगडा तरी नीट नेसलंय असतंय.' कदाचित म्हणतील, असू दे. कदाचित तो फोटो पाहून त्यांच्या माहेरच्या कोणीतरी फार वर्षांनी फोन केला असेल आणि त्यांना त्याचाच आनंद असेल. गावात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कोणीतरी आपल्याला बघतंय, आपलं नाव काढतंय, याचं सुख मोठं असतं. वर्षातले किती दिवस त्यांच्याकडे कोणी मान वर करून बघतं, ते तुम्हीच सांगा. त्यांच्या वतीने रागावण्याआधी त्यांचा राग आहे का ते पाहा. आणि त्यांना तो फोटो नकोसा असेल तर त्या स्वतःच थोरल्या सुनेला सांगतील. त्यांचं वजन तुमच्यापेक्षा जास्त आहे.

आपल्याकडच्या घरांत फोटोची रीत काही आजची नाही. गिरणीत कामाला गेलेला मुलगा मुंबईहून मनिऑर्डर पाठवायचा आणि कधीतरी फोटोही पाठवायचा. स्टुडिओतला रंगवलेला पडदा मागे, अंगात कोट, तोही बहुधा मागून आणलेला, हातात घड्याळ. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारा माणूस त्या फोटोत साहेब दिसायचा. तो फोटो काचेत बसून गावच्या घरात भिंतीवर जायचा आणि आल्यागेल्याला दाखवला जायचा. कुटुंबाने आपली बरी बाजू दाखवणं तेव्हाही होतं आणि मला त्यात काही खोटं वाटत नाही. 'आम्ही बरे आहोत, काळजी करू नका' हे सांगायची ती पद्धत होती. फक्त त्या फोटोत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की आपला फोटो निघतोय. केस विंचरले जायचे, रडणाऱ्या पोराचं नाक पुसलं जायचं, आजी पदर सावरून खुर्चीत बसायची. तयार होणं हाच होकार होता. खिशातल्या फोनने तेवढी एक पायरी गाळली, आणि आपल्या घरातलं दुखणं त्या गाळलेल्या पायरीतून आलं आहे.

दुसरा फरक बघणाऱ्यांचा. तो काचेतला फोटो घरात आलेला माणूसच बघायचा. तुमच्या घराला खळं आहे, पडवी आहे, माजघर आहे. कोणाला कुठवर आणायचं हे घरातल्या लहान पोरालाही कळतं. पत्ता विचारायला आलेला खळ्यात उभा राहतो, ओळखीचा पडवीवर बसतो, सोयरा माजघरात येतो. फोनमध्येही तशाच जागा आहेत, पण जाऊबाईंनी सगळ्यांना सरळ माजघरात आणलं. घरातल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हे माजघर धरा. स्टेटस ही पडवी. ते २४ तासांनी जातं आणि कोणाला दिसावं, कोणाला वगळावं, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. ती निवड टाकण्याआधी करावी लागते, आधी टाकलेल्या स्टेटसला नंतर केलेला बदल लागू होत नाही. इन्स्टाग्रामवर 'क्लोज फ्रेंड्स'ची यादी करता येते, म्हणजे निवडलेल्या माणसांनाच दिसतं. आणि सार्वजनिक खातं हा सरळ रस्ता आहे. गणपतीच्या वर बांधलेल्या माटवीचा फोटो रस्त्यावर गेला तर काय बिघडतं? उलट जावा! कवंडळं, हरणाची फुलं, सुपारीची शिपटी, नारळ यांनी भरलेली आपली माटवी जगाने बघावी अशीच असते. मुलीचं पडणं माजघरातच राहायला हवं होतं.

त्या भिंतीच्या फोटोबद्दल फार लिहीत नाही. ओल आलेला चिरा आणि गिलावा डोंबिवलीहून आलेल्या डोळ्यांना जुनेपणाचा गोडवा वाटतो, आणि तुम्हाला तो दर पावसात पुसावा लागतो. दोघींचं बघणं आपापल्या जागी बरोबर आहे. पण भावकीचं घर असलं, घरपत्रक उताऱ्यावर चार नावं असली, की घराच्या डागडुजीचा किंवा पडझडीचा फोटो ही बातमी होते. चुलत दिरांची प्रतिक्रिया त्यातूनच आली. उत्तर तिथे लिहू नका. तुमच्या यजमानांनी त्यांना फोन करून एवढंच विचारावं, 'भिंतीचं काम काढायचंय, तुम्ही कधी येताय?'

आता तुमच्याकडे येते. तुम्ही विचारलंत, माझ्या मनात असूया आहे का.

पावसाआधी कौलं परतून घेतली कोणी? माकडांनी फोडलेली बदलली कोणी? पडवीला पाऊस अडवणारी झड बांधली, लाकडं कोरडी भरून ठेवली, सासूबाईंच्या गोळ्या, लाईट गेली की कंदील, रेंज नाही म्हणून बांधावर जाऊन डॉक्टरांना लावलेला फोन. त्यात गणपतीच्या आधी पंधरा दिवस साफसफाई, करंज्या-लाडू, पाहुण्यांची अंथरुणं. गणपतीत सकाळी नैवेद्याचे मोदक, दुपारी पंगत, रात्री भजनी मंडळींना चहा आणि उसळ, आणि सगळे निजल्यावर मागच्या दारी टोपांचा ढीग. फोटो काढले जातात आरतीच्या वेळी आणि आरतीच्या वेळी तुम्ही चुलीपुढे असता. मग तुम्ही फोटोत येणार कशा? आणि या सगळ्याखाली कोणी दुसऱ्याच बाईला लिहितं, की किती छान जपलंय घर. हे वाचून ज्या बाईला काही वाटत नाही, तिची मला काळजी वाटेल. वहिनी, याला असूया म्हणू नका. तुम्ही केलेल्या कामावर तुमचं नाव नाही, याची ती टोचणी आहे आणि ती रास्त आहे.

पण ती फोटोने भरून येणार नाही. समजा जाऊबाईंनी यंदा तुमचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'हे घर जपणारी माझी जाऊ.' तुम्हाला बरं वाटेल, मलाही वाटेल. टोपांचा ढीग मात्र तेवढाच राहील. म्हणून मागायचंच असेल तर आधी हात मागा. भजनाच्या रात्रीची उसळ आणि चहा भावोजी आणि तुमचे यजमान बघतील. पुरुषांना उसळ येत नाही हे मी ऐकून घेणार नाही, भजनाला आलेले निम्मे बाप्ये मुंबईत खोली करून राहिलेले असतात आणि स्वतःच्या हाताने रांधून जेवलेले असतात. एका दिवसाचा नैवेद्य जाऊबाईंचा. आणि आरतीच्या वेळी चूल बंद. नैवेद्य दाखवून झालेला असतो, पंगत अर्धा तास थांबली तर बाप्पा रागावत नाही. सगळ्या बायका आरतीला बाहेर आल्या की फोटोत आपोआप येतील.

भिंतीच्या खर्चाचं दोन्ही भावांनी बसून ठरवावं. तेही फोटोपेक्षा आधी.

जाऊबाईंची बाजू मी धरत नाही, पण समजून घ्या. कोकणातल्या गाड्यांचं रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या तारखांचं काही मिनिटांत भरतं. रजा वर्षभर राखून ठेवायची, गर्दीत पोरं आणि सामान सांभाळत यायचं, आणि पाच दिवसांत वर्षभराचं गाव अंगात भरून घ्यायचं. त्याही या घरात सून म्हणूनच आल्या आहेत. तुम्ही घरात राहून घरच्या झालात, त्यांना ते फोटोंनी व्हावं लागतं. 'हे आमचं घर' असं शेजारणींना, ऑफिसातल्यांना दाखवताना त्या फुशारकी मारतात असं तुम्हाला वाटत असेल. मला त्यात आपण या घराच्या आहोत हे सांगण्याची धडपड दिसते. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे पाच दिवसांच्या चाकरमान्यांकडे बघून नाकं मुरडणारी गावची माणसं मी बघितली आहेत. त्या मुरडण्याला घाबरून माणसं जास्तच दाखवायला लागतात.

तर फोन. सुरुवात तक्रारीने करू नका आणि खोट्या गोडव्यानेही नको. असं काहीसं बोलता येईल:

'वहिनी, तिकिटं झाली का? एक सांगायचं होतं, तुम्ही येण्याआधी. गेल्या वर्षीचं ते कळशीचं रील तुम्ही गमतीने टाकलंत हे मला ठाऊक आहे. पण शाळेत मुलं तिला अजून त्यावरून चिडवतात. ती रडते. तेवढं काढून टाका. आणि यापुढे तिचा फोटो टाकायचा असेल तर आधी तिला विचारा, ती नको म्हणाली तर नको. बाकी माटवीचे, आरतीचे तुम्ही काढता ते आईंनाही आवडतात.'

एवढंच. सासूबाईंचा फोटो नाही, भिंत नाही, शाबासकी कोणाला मिळाली ते तर नाहीच. मागणी एकच असली की ती मान्य करणं समोरच्याला सोपं जातं. त्या म्हणतील, 'अगो, मला कुठे माहीत होतं, तेव्हाच सांगायचंस!' त्यात थोडा राग असेल. असू दे. 'तेव्हा बोलायला जमलं नाही' म्हणा आणि पुढे जा. त्या चिडल्या आणि 'आता तुमच्या घरात फोनच काढत नाही' म्हणाल्या, तर तेही त्याच क्षणी मनावर घेऊ नका. दोन दिवसांनी पुन्हा फोन करून विचारा, रील निघालं का. मुलीच्या बाबतीत तुम्ही मऊ बोला, पण मागे सरू नका.

बोलणं नीट झालं तर त्यांच्या भल्याचीही एक गोष्ट सांगा. 'चाललो गावाला' म्हणून तिकिटाचा फोटो पुष्कळजण टाकतात. त्यावरच्या पीएनआर नंबरावरून कोणालाही त्या प्रवासाचा तपशील बघता येतो, आणि डोंबिवलीचं घर किती दिवस बंद राहणार हेही जगाला कळतं. प्रवासाचे फोटो परत पोचल्यावर टाकावेत. हे त्यांच्या कामाचं आहे आणि त्यातून त्यांना दिसेल की तुमचं भांडण फोटोशी नाही.

एक आणखी सुचवते, मुलीला पटलं तरच. घरातल्यांचा एक ग्रुप असेलच. त्यात गणपतीचे सगळे फोटो आधी टाकायचे आणि ज्याचा फोटो त्याने हो म्हटलं की मग तो बाहेर. यंदा ते काम मुलीकडे द्या. नववीतल्या मुलीला सेटिंग तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली कळतात. ज्या फोनने तिला लपायला लावलं तोच फोन तिच्या हातात येईल, आणि काकीला तिच्याशी बोलायला एक कारण मिळेल. पण ती नको म्हणाली तर आग्रह नको. एक वर्ष कुठल्याच फोटोत यायचं नाही असं तिने ठरवलं, तर तेही घराने मान्य करावं. आरतीला ती मागच्या रांगेत उभी राहील आणि कोणीही 'इकडे बघ गो' म्हणणार नाही, एवढी खात्री तुम्ही तिला आधी द्या. म्हणजे ती खोलीतून बाहेर येईल.

राहिले तुमचे यजमान. पाच दिवसांसाठी येणाऱ्या भावाची त्यांना माया आहे, ती चांगलीच गोष्ट आहे. पण जाऊबाईंशी तुम्ही बोलणार, शाळेत तुम्ही जाणार, मुलीची समजूत तुम्ही काढणार आणि नाती त्यांनी जपायची, अशी वाटणी मला मान्य नाही. शाळेत त्यांना पाठवा. वर्गशिक्षकांसमोर बसून आपल्या मुलीला काय म्हणून हाक मारतात ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगावं. आणि या आठवड्यात एकदा, तुम्ही नसताना, त्यांनी मुलीला नुसतं विचारावं की त्या दिवशी लागलं होतं का.